बिल दुकानाचं, मशीन घरचं आणि मोडलेला दांडा

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या डीलरकडून ३८ हजारांचं घरगुती एस्प्रेसो मशीन घेतलं. पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला फिरवून अडकवायचा दांडेवाला भाग) पहिल्यापासून इतका घट्ट बसतो की फिरवताना मशीन दुसऱ्याने धरावं लागतं. आता त्याच्या दांड्याला मानेपाशी तडा गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ग्राहकाने जास्त जोर लावला, वॉरंटीत बसत नाही. बिल माझ्या हार्डवेअर दुकानाच्या जीएसटी नंबरवर आहे, त्यावर ‘पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ असं छापलंय. कुपवाडचा लेथवाला पोर्टाफिल्टरचे कान (मशीनच्या खाचेत अडकणारे) थोडे घासून देतो म्हणतोय. देऊ का?

उत्तर : अजिबात देऊ नका. कान घासले की ‘वस्तूत फेरफार केला’ हे कारण तुम्हीच कंपनीच्या हातात द्याल. मशीनमधलं गॅसकेटही (पोर्टाफिल्टर ज्यावर दाबून बसतो ते रबरी कडं) स्वतः काढू नका.

तक्रार करण्याआधी घरी एक गोष्ट करा. तडा सांभाळून, बास्केट (पावडर भरायची जाळी) मोकळी ठेवून पोर्टाफिल्टर लावा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. मोकळा सहज बसला आणि कॉफी भरल्यावर अडला, तर पावडर जास्त होतेय आणि तुमची बाजू लंगडी आहे. मोकळाही अडला, तर संशय गॅसकेटवर: ते जाड आहे किंवा नीट बसवलेलं नाही. कंपनी म्हणेल, नवं गॅसकेट घट्टच असतं, वापराने सैल होतं, तोवर दांडा मधोमध न येता डावीकडे थांबला तरी चालतो. हे खरंही आहे. म्हणून माहितीपत्रक काढून बघा. ‘दांडा मधल्या खुणेपर्यंत आणा’ असं त्यात असेल, तर जोर लावल्याचा आरोप त्यांच्यावरच उलटतो. ‘घट्ट लागला की थांबा’ असं असेल, तर मात्र तडजोडीचं बोला. सुरुवातीला डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर काही कळवलं असेल, तर ते सोन्यासारखं जपा.

पुण्याची काळजी सोडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. छापील ओळीने तो हक्क जात नाही.

खरी अडचण जीएसटीची. समोरचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणेल, खरेदी व्यापारी कारणासाठी, हे ग्राहकच नव्हेत. बिल कोणाच्या नावावर आहे यापेक्षा खरेदीचा मुख्य हेतू बघायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय, त्यामुळे मशीन स्वयंपाकघरात असल्याचे फोटो उपयोगी पडतील. पण त्या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची धंद्याच्या करातून वजावट) घेतलं असेल, तर आधी सीएकडे जा आणि ते परत करा. सरकारला ‘धंद्याचं’ आणि आयोगाला ‘घरचं’ असं सांगून चालत नाही.

मग डीलर आणि कंपनी दोघांना पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. त्याला वकील लागत नाही (वकील म्हणून हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो), १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र आयोगाने वस्तू प्रयोगशाळेत पाठवली, तर तपासणीचे पैसे आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. म्हणून नोटिशीत पूर्ण परतावा मागत बसू नका. नवा पोर्टाफिल्टर, नवं गॅसकेट आणि ते घरी येऊन बसवून देणं, एवढंच मागा. एवढ्यासाठी वकील उभा करणं कंपनीलाही परवडत नाही.