वेगवेगळ्या देशांतल्या घरांची अन्न-असुरक्षितता एकाच प्रश्नावलीने मोजता येते का?

तुमची शंका अशी की नागपूरच्या वस्तीतलं घर आणि केनियातलं घर एकाच तागडीत कसं तोलायचं, आणि आपल्याकडच्या उपासतापासांचं काय करायचं. नागपुरात घरोघरी फिरून मी असे फॉर्म भरून घेतलेत, त्यावरून सांगतो.

सध्या एफएओचे (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आठ प्रश्न सगळ्यात जास्त चालतात. गेल्या १२ महिन्यांत जेवणाची काळजी वाटली का, मोजकेच पदार्थ खाऊन भागवावं लागलं का, एखादं जेवण बुडलं का, अख्खा दिवस उपाशी काढला का वगैरे. उत्तर हो किंवा नाही. २०१४ पासून गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या पाहणीतून हे शंभराहून जास्त देशांत विचारले गेले.

पण नुसते 'हो' मोजून देश शेजारी ठेवत नाहीत. काळजी आधी, अख्खा दिवस उपाशी सगळ्यात शेवटी, ही चढण बहुतेक ठिकाणी सारखी निघते. रॅश मॉडेल नावाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने प्रत्येक देशात कोणता प्रश्न किती गंभीर ठरतो ते काढतात. एखादा भलत्याच जागी पडला तर तो बाजूला ठेवून उरलेल्यांच्या आधारे त्या देशाची पट्टी जागतिक पट्टीशी जुळवतात.

उपासावरचा उपाय प्रश्नातच आहे: 'पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे'. मात्र तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत सर्वेवाला हे शब्द गिळतो, आणि समोरची बाई एकादशी धरून 'हो' म्हणते. उलटही होतं. डबा रिकामा असतो आणि ती सांगते, "मला गुरुवार होता." याला कुठलंही गणित पुरत नाही.

रेशनचं वेगळंच. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, त्यामुळे पोट भरतं. डाळ-भाजीचं मात्र कठीण. अशा घरात शेवटचे प्रश्न 'नाही' आणि मोजक्या पदार्थांचा 'हो' येतो. म्हणून फक्त टोकाच्या भुकेचे तीन प्रश्न विचारणारी पट्टी, देशादेशांत चालावी म्हणूनच बेतलेली असली तरी, नागपूरसाठी मला अपुरी वाटते. तिच्यात हे घर दिसतच नाही.

प्रबंधासाठी करत असाल तर आठही प्रश्न घ्या, मराठीबरोबर हिंदीतही तयार ठेवा. आणि जी स्वयंपाक करते तिलाच विचारा, सासू-नवरा समोर नसताना. दारात उभं राहून विचारलं की सगळ्यांकडे "आमच्याकडे काही कमी नाही जी" हेच ऐकू येतं.