जे कागदावर नाही, ते आधी शोधा

प्रश्न : आमच्या घरात रोज रात्री बातम्यांवरून वाद होतो. मुलगा म्हणतो, सगळ्या वाहिन्यांचा अजेंडा ठरलेला असतो. अजेंडा म्हणजे कारस्थानच ना? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : कधी कधी असतं. पण बहुतेक वेळा कोणी कारस्थान न करताही अजेंडा तयार होतो, आणि तोच ओळखायला कठीण जातो. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. संध्याकाळच्या बैठकीत मंत्रालय, महापालिका, क्राइम, क्रीडा असं करत जो तो आपली यादी वाचायचा. बातम्या पन्नासेक, आणि पहिल्या पानावर जागा सात-आठ बातम्यांची. खाली अर्ध्या पानाची जाहिरात आली की त्याही चारवर यायच्या. संपादकांना कोणाचा फोन आलेला नसायचा. पण मंत्रालयात आमचे तीन वार्ताहर होते आणि गोवंडी-मानखुर्दसाठी एकही नव्हता. तिथल्या नळाला आठवडाभर पाणी नाही, ही बातमी यादीत येणार कुठून? ती कोणी दाबली नव्हती, ती बैठकीपर्यंत पोचतच नव्हती.

1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल या गावात, मत कोणाला द्यायचं हे अजून न ठरलेल्या 100 मतदारांना विचारलं, तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात? मग त्यांची उत्तरं त्या भागात पोचणाऱ्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्हींचा क्रम विलक्षण जुळला. 1972 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या मुलाला एवढंच सांगा, की वाहिनीने तुझं मत बदललं नसेलही, पण आज जेवताना वाद कशावर घालायचा, हे तिनेच ठरवलं.

प्रश्न : आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. नोटिशीत नऊ विषय होते, शेवटचा ‘आयत्या वेळचे विषय’. रात्री साडेदहाला निम्मी माणसं घरी गेल्यावर सेक्रेटरींनी एका बिल्डरचं पत्र वाचलं आणि ‘पुनर्विकासाला मंजुरी’ म्हणून हात वर करायला लावले. हे चालतं का? – एक सभासद, मुलुंड

उत्तर : नाही चालत. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी विषय घेता येतात, पण ज्या विषयांना रीतसर नोटीस लागते ते त्यातून वगळलेले आहेत. पुनर्विकास तर त्याहून मोठा. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा लागते, दोन तृतीयांश गणपूर्ती (सभासदांची किमान हजेरी) लागते, आणि विकासक निवडण्याच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. इतिवृत्ताची प्रत आजच लेखी मागा. त्यात तो ठराव ‘सर्वानुमते’ लिहिलेला असेल, तर हरकतही लेखीच नोंदवा आणि पोच घ्या. तोंडी हरकतीला कागदावर किंमत नाही.

पण मला तुमचं लक्ष दुसरीकडेही वेधायचं आहे. उद्या समिती रीतसर विशेष सभा बोलवेल. नोटिशीत एकच ओळ असेल, ‘पुनर्विकासासाठी विकासकाची निवड करणे.’ ही ओळ नीट वाचा. इमारत पाडायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न त्या ओळीने मागे टाकलेला आहे. आता सभेपुढे प्रश्न उरला तो फक्त कोणता बिल्डर एवढाच. मग सभेत कोणी म्हणालं, ‘आधी स्ट्रक्चरल ऑडिट करूया’, की उत्तर तयार असतं: ‘काका, तो आजचा विषय नाही.’ आमच्या इमारतीत अगदी हेच झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तीनदा हात वर केला आणि तीनदा त्यांना हेच ऐकवलं. त्या शेवटी खुर्ची उचलून घरी निघून गेल्या. विषय जर ‘इमारतीची स्थिती, दुरुस्ती व पुनर्विकास या पर्यायांवर निर्णय घेणे’ असा लिहिला असता, तर आजींचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला असता.

म्हणून नोटीस आली की सभेच्या दिवसाची वाट पाहू नका. नोटीस आणि सभा यांच्यामधले दिवस विषयाचे शब्द बदलून घेण्यासाठी वापरा. समिती ऐकत नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सभा बोलवायला लावता येते. त्या मागणीपत्रात विषयाचे शब्द तुमचे असतात. पन्नास घरांच्या सोसायटीत दहा सह्या. एका रविवारचं काम आहे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. अजेंडा कसा ठरतो, यावरचं सगळं वाचन परदेशी आहे. मराठीत काही उदाहरण? – एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : आपल्याकडे उदाहरणांना तोटा नाही. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा टिळक-आगरकरांचा वाद म्हणजे आधी विषय कुठला घ्यायचा, यावरचाच वाद. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. 1887 पासून रानड्यांच्या पुढाकाराने समाजसुधारणेसाठी सामाजिक परिषदही भरू लागली, ती काँग्रेसपाठोपाठ आणि तिच्याच मंडपात. 1895 ला अधिवेशन पुण्यात आलं आणि हा मंडप सामाजिक परिषदेला द्यायचा नाही, यावरून रण पेटलं. अखेर परिषद दुसरीकडे भरली. सुधारणांवर वाद घालावाच लागला नाही, मंडपच बंद झाला!

त्यानंतरचं उदाहरण मला अधिक बोचतं. 31 जानेवारी 1920 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईतून ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. विरोधात अग्रलेख आला असता तरी निदान विषय निघाला असता. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर त्या महिन्यातले ‘केसरी’चे अंक काढून पाहा आणि काय छापलं नाही याची यादी करा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दर सोमवारी मीटिंग असते. पार्किंगवर पाऊण तास आणि वर्षाच्या बजेटवर दहा मिनिटं. असं का? – लोअर परळ

उत्तर : पार्किंग प्रत्येकाला कळतं, बजेट दोघा-तिघांना. शिवाय बजेट शेवटी ठेवलेलं असणार, जेव्हा सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. ते पहिल्या क्रमांकावर घ्यायला सांगा आणि आकडे आदल्या दिवशी मागवा. टाळाटाळ झाली, तर बजेट शेवटी ठेवणं सोयीचं कोणाला आहे तेही कळेल.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. गर्दीत माणसं पडून मरतात त्याची दोन ओळींची बातमीही येत नाही. आम्ही हा विषय पुढे आणायचा तरी कसा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं म्हणणं बहुतांशी खरं आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, पण एकेक करून, वेगवेगळ्या स्थानकांवर. रोजचं मरण डेस्कला ‘नेहमीचंच’ वाटतं. मीही अशा बातम्या सिंगल कॉलमात ढकलल्या आहेत, आणि ते चुकलं असं आज वाटतं. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. रुंद पुलाची मागणी जुनी होती, मंजुरीही आलेली होती. त्या सकाळनंतर पूल बांधायला लष्कर बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल लोकांसाठी खुला झाला. तोच देश, तीच रेल्वे. फाइल तेवढी ढिगाच्या वर आली.

अपघाताची वाट न पाहताही विषय वर येतो. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आले. पहिले काही दिवस मुंबईतल्या पहिल्या पानांवर त्यांना फारशी जागा नव्हती. मग ते शहराच्या वेशीवर पोचले, सोलून निघालेल्या तळव्यांची छायाचित्रं आली, आणि दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून 11 तारखेच्या रात्री सोमय्या मैदानातून निघून ते पहाटे आझाद मैदानात पोचले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सरकारने लेखी आश्वासन दिलं होतं.

तुम्हाला एवढं चालायला नको. एक वही घ्या. तुमच्या गाडीचा नंबर, किती मिनिटं उशीर, फलाट ऐन वेळी बदलला का, हे तुमच्या डब्यातल्या पाच जणी मिळून महिनाभर रोज लिहा. स्थानकावरचे अपघाती मृत्यू महिनावार किती, हे माहितीच्या अधिकारात लोहमार्ग पोलिसांकडे विचारा. हे दोन्ही कागद खासदारांच्या कार्यालयात द्या आणि लोकसभेत प्रश्न विचारण्याची लेखी विनंती करा. त्यातून तारांकित प्रश्न लागला आणि सभागृहात पुकारला गेला, तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर पूरक प्रश्नही विचारता येतात. त्याच कागदांची एक प्रत वार्ताहराला द्या. ‘खूप गर्दी असते’ ही डेस्कवर बातमी होत नाही. ‘महिन्यात 8.14 ची लोकल बावीस दिवस उशिरा’ ही होते.