डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांतले फेटेवाले 'तुर्की' सरदार खरे होते का?

बहुतेक नाहीत. १६३२ चं 'पौर्वात्य पोशाखातील पुरुष' हे चित्र घ्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दीड मीटर उंच कॅनव्हास, भला मोठा फेटा, जरीचं वस्त्र, हातात काठी. पण चेहरा बघा, अस्सल डच म्हातारा! कोणीतरी मॉडेल बसवून कपडे चढवलेले. अशी अनामिक माणसांची चित्रं तेव्हा तयार विकली जात. डच ईस्ट इंडिया कंपनीमुळे रेशीम, मसाले, गालिचे ॲम्स्टरडॅमला उतरत होते, त्यामुळे असल्या थाटाला गिऱ्हाईक होतंच. शिवाय बायबलमधले राजे रंगवायलाही हेच फेटे कामाला येत. रेम्ब्रांट स्वतः पूर्वेकडे कधी गेला नाही. मला विचाराल तर त्याला माणसापेक्षा कापडावर पडणाऱ्या उजेडातच जास्त रस होता. अर्धा चेहरा सरळ सावलीत टाकलाय.

खरी गंमत पुढे आहे. साधारण १६५६ ते १६६१ च्या दरम्यान त्याने मुघल लघुचित्रांवरून रेखाचित्रं काढली. त्यातली वीसेक आज शिल्लक आहेत, बरीचशी महागड्या आशियाई कागदावर. शहाजहान आणि दारा शुकोह यांचं एक लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे. इथे तो एकदम शिस्तीत येतो: बारीक रेघ, जाम्याचा (लांब अंगरख्याचा) घेर, कमरेचा पटका, मोजडी, सगळं मूळ चित्र समोर ठेवून टिपलेलं. त्याने पाहिलेल्या लघुचित्रांपैकी काही व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात भिंतीवर जडवलेली आहेत, असं अभ्यासक मानतात.