थांबेटोखेन: हंस म्हणायचं की बदक?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलांसाठी नामशेष पक्ष्यांवर लेख लिहिताना हवाई बेटांवरचा एक पक्षी आला, रोमन स्पेलिंग (Thambetochen) बघून त्याचं नाव 'थांबेटोचेन' लिहिलं, तर ते बरोबर आहे का आणि पुढे 'एक नामशेष हंस, तो पाला खायचा' असं लिहिलं तर चालेल का.

आधी उच्चार. चेन नको, ती गळ्यातली. ग्रीकमधलं ते ch चं अक्षर मुळात ख सारखं, म्हणजे खेन, आणि आपल्या लिपीत थ पण आहे ख पण आहे तर सरळ थांबेटोखेन लिहा. इंग्रजीवाले केन म्हणतात, तेही चालून जाईल. 'थांबे'चा आपल्या थांबण्याशी काही संबंध नाही, ग्रीकमधे तो भाग 'थक्क करणारा' या अर्थाचा आहे (मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते थांबायचं टोकन वाटलं होतं, असो).

आता खेन. याचा अर्थ हंस, आणि नुसता अर्थ नाही, शब्दच मुळात तोच आहे. संस्कृत हंस, ग्रीक खेन, जर्मन गान्स, इंग्रजी गूज ही एकाच जुन्या इंडो-युरोपीय शब्दाची भावंडं. गूजमधला न गळाला, खेनमधला स गळाला, आणि आपण लिहितो हंस पण बोलताना 'हौंस' म्हणतो, म्हणजे आपलाही न नाकात विरघळलेलाच.

त्यामुळे हंस लिहायचा मोह होणारच, पण गोची इथेच आहे. मोलोकाई बेटावर सापडलेल्या हाडांवरून ओल्सन आणि वेटमोर या पक्षिशास्त्रज्ञांनी 1976 साली हे नाव दिलं. पक्षी हंसाएवढा दांडगा, हा आणि हवाईतली याची भावंडं मिळून जो गट होतो त्यातल्या पक्ष्यांचं वजन चार ते साडेसात किलोच्या आसपास, पंख अगदी खुरटलेले, छातीच्या हाडावरचा उडण्याच्या स्नायूंना धरून ठेवणारा उभा कणा जवळजवळ गायब, पाय मात्र भक्कम. चोचीच्या कडांना दातांसारखे हाडाचे खुंट, पाला ओरबाडायला. जातीचं नाव 'खौलिओडस' त्याच्यावरूनच, म्हणजे आपल्या भाषेत दातपुढ्या. त्यांची सुकलेली विष्ठाही सापडलीये आणि तिच्यात नेचे वगैरे पाल्याचाच चोथा आहे, थोडक्यात बकऱ्यांचं काम तिथे हे पक्षी करायचे.

पण नराच्या श्वासनलिकेच्या बुडाशी हाडाचा एक पोकळ फुगा असतो, तो बदकांमधे असतो, खऱ्या हंसांमधे नसतो, आणि या पक्ष्यांच्या सांगाड्यांत तो मिळाला. पुढे 1999 साली हाडांमधल्या डीएनएवरून पक्कं झालं की हे आपल्या नेहमीच्या, पाण्यात शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांच्या जवळचे. म्हणजे नाव हंसाचं आणि घराणं बदकाचं. नाव एकदा दिलं की प्राणिशास्त्रात ते चुकीच्या अर्थाचं निघालं म्हणून बदलत नाहीत, त्यामुळे खेन राहिलं.

त्याची भावंडं पण अशीच आहेत. कौआई बेटावरच्या पक्ष्याच्या नावाचा अर्थ कासवाच्या जबड्याचा हंस, तोही बदकच. माउईवरचा 'प्टाइओखेन पाउ' मला सगळ्यात आवडतो, पहिला शब्द ग्रीक, ठेचकाळणारा हंस, आणि दुसरा चक्क हवाईयन, पाउ म्हणजे संपलं. माणसं त्या बेटांवर पोचली आणि पुढच्या काही शतकांत हे सगळे खरंच संपले, 1778 ला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक तिथे गेला तेव्हा एकही उरला नव्हता.

या सगळ्यांना मिळून 'मोआ-नालो' म्हणतात, हा शब्द 1991 मधे हवाईयन भाषेतून घडवलाय, मोआ म्हणजे कोंबडी आणि नालो म्हणजे हरवलेली. हंस नाही, बदक नाही, तिसरंच! न्यूझीलंडच्या मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याशी याचं नातं फक्त शब्दापुरतं, तिथल्या माओरी भाषेतला मोआ याच पॉलिनेशियन शब्दाचा भाऊ आहे पण पक्षी वेगळ्या घराण्याचा.

तेव्हा लेखात 'हंसाएवढं, न उडणारं बदक' असं लिहा. आणि लिंगाचंही बघा, हंस समजून तुम्ही पुढच्या वाक्यात 'तो पाला खायचा' लिहिलंय. थांबेटोखेन हे बदक धरलं तर 'ते पाला खायचं' होईल.