वाचकांचे प्रश्न : घरच्या कापसातून तंतुकला

प्रश्न : मी नागपूरला चित्रकलेचे शिक्षण घेते, घर यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. सुट्टीत तंतुकलेचा एक प्रकल्प घरीच पूर्ण करायचा आहे. माझ्याकडे माग नाही, रंगीत लोकर इथल्या बाजारात मिळत नाही आणि मॅक्रमेचे (दोऱ्यांना गाठी मारून करायच्या विणीचे) तयार संच परवडत नाहीत. कापूस मात्र घरात भरपूर आहे. चित्रफीत पाहून त्याचा लोकरीसारखा नमदा (न विणता, तंतू दाबून केलेले जाड कापड) करण्याचा प्रयत्न केला, पण तो सुटून येतो. माझे काय चुकते आणि मी काय करावे?

उत्तर : तुमचे काही चुकत नाही, कापसाचा नमदा होतच नाही. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. साबणाच्या गरम पाण्यात ती चोळली की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट बसते. कापसाच्या तंतूला असे खवले नसतात. बोंड उकलल्यावर तो सुकताना फितीसारखा चपटा होतो आणि स्वतःभोवतीच पिळला जातो. या पिळामुळे तंतू एकमेकांना धरतात आणि त्यांचे सूत निघते. म्हणून चित्रफितीतील वस्तू मनात धरून तिच्यासाठी साहित्य शोधत बसण्याऐवजी हाताशी असलेला तंतू काय करू शकतो हे आधी पाहावे आणि आकार त्यावरून ठरवावा, असे मी सुचवेन.

जिनिंगमध्ये न गेलेला मूठभर कापूस घ्या, सपाट दगडावर ठेवून लोखंडी सळईने लाटत सरकी बाहेर काढा, रुई हाताने मोकळी करून तिचे पेळू (कातण्यासाठीच्या रुईच्या लांबट वळ्या) वळा आणि टकळीवर (हाताने फिरवायच्या चातीवर) काता. नाकावर फडके बांधा, कारण रुईची बारीक धूळ छातीत जाते. सुरुवातीचे सूत कुठे जाड, कुठे बारीक निघेल. खादीसाठी ते बाद ठरेल, तुमच्यासाठी मात्र ते मोलाचे आहे, कारण गिरणीच्या धाग्यात असा चढउतार विकत मिळत नाही. एकपदरी सुताला ताण सोडताच ते वळून स्वतःवर गुंडाळते; दोन पदर उलट दिशेने पिळले की ते शांत होते. ही दोन्ही रूपे एकाच विणीत शेजारी ठेवून पाहा. टकळी येत नसेल तर एकदा वर्ध्याला जाऊन या. सेवाग्राम तिथून जवळच आहे आणि १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरखे व खादीची अवजारे जवळून पाहता येतात.

मागाची अडचण वाटते तितकी मोठी नाही. घरात मोडकी बाज असेल तर तिची लाकडी चौकट हाच तुमचा माग. वरच्या आणि खालच्या पाटीवर समान अंतराने खिळे ठोकून ताणा (उभे धागे) भरा आणि बोटांनी किंवा जुन्या फणीने बाणा (आडवा धागा) दाबत जा. कापूस लोकरीसारखा लवचीक नसतो, त्यामुळे एक धागा सैल राहिला तरी तो शेवटपर्यंत दिसतो. ताणा भरतानाच प्रत्येक धागा बोटाने छेडून तपासलेला बरा.

मात्र फक्त कापसावर थांबू नका. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावलेली अंबाडी आपल्याकडे भाजीपुरतीच आठवली जाते, हे मला खटकते. फुलावर आलेले झाड कापून त्याच्या काड्या पाण्यात दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवल्या की साल कुजून सुटते आणि धुतल्यावर लांब, चमकदार वाक, म्हणजे सालीचा तंतू, हाती येतो. थंडीत याला अधिक दिवस लागतात. काड्या कुजवलेल्या पाण्याला उग्र वास येतो, म्हणून गुरांच्या पिण्याच्या पाण्यात त्या बुडवू नका. घायपाताचा तंतूही बळकट असतो, परंतु त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते, तेव्हा हातमोजे हवेतच. वाक वळायला कोणत्याही संचातील पुस्तिकेपेक्षा गावातील एखादे आजोबा चांगले शिकवतील. पोळ्यासाठी स्वतः कासरा आणि म्होरकी वळणारी माणसे अजून आहेत, आणि दोर जाड करताना नवा वाक कुठे घालायचा हे त्यांच्या शेजारी बसल्यावरच कळते.

‘याला कला म्हणायचे की दोरकाम?’ असा प्रश्न परीक्षक विचारतील अशी धास्ती असेल, तर मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचे काम अभ्यासा. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या या शिल्पकर्तीने बाजारातील साधा दोर रंगवून, मागाशिवाय, केवळ हाताने गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली. आधी रेखाटन करून त्याबरहुकूम काम करण्याची त्यांची पद्धत नव्हती. गाठी वाढत जातील तसा आकार ठरे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांची नक्कल करू नका; दोराचे वजन आणि त्याची घडी त्यांनी शिल्पात कशी वापरली तेवढे बघा.

प्रश्न : सुताला पळसाचा रंग दिला, तो पहिल्याच धुण्यात गेला. पक्का कसा करावा? आणि पूर्ण झालेले काम पावसाळ्यात कसे जपावे? — एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : बहुधा सूत नीट धुतलेले नसावे. कच्च्या कापसावर मेणचट थर असतो. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळल्याशिवाय तो जात नाही. त्यानंतर १०० ग्रॅम कोरड्या सुतामागे १५ ते २० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात सूत रात्रभर भिजवावे, पिळून सावलीत वाळवावे आणि मग १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात ठेवावे. कापूस एकट्या तुरटीला नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा. त्यानंतरच पळसाच्या सुक्या फुलांचा काढा वापरावा. फुले निदान सुताच्या वजनाइतकी घ्यावीत. इतके करूनही हा पिवळा रंग कडक उन्हात हळूहळू उतरतो, तेव्हा काम खिडकीसमोर टांगू नये. हळदीचा रंग तर याहूनही लवकर उडतो. काळा हवा असल्यास गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरवडाभर ठेवावेत; ते पाणी हिरडा लावलेल्या सुतावर काळे उतरते. ते थोडेच वापरावे, लोह जास्त झाले की सूत कालांतराने ठिसूळ होऊन तुटते.

जपणुकीबाबत, लोकर खाणारी कीड कापसाकडे सहसा वळत नाही. खरी भीती बुरशीची आणि उंदरांची. काम प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात सैल गुंडाळून भिंतीपासून दूर, उंचावर टांगा आणि पावसाने उघडीप दिली की सावलीत वारा द्या. विणकाम ताठ दिसावे म्हणून खळ लावण्याचा मोह होतो, पण खळीमुळे किडे आणि उंदीर दोघेही येतात, तेव्हा ताठपणा हवा असल्यास तो पीळ वाढवून किंवा अंबाडीचा पदर घालून आणावा.