आईंना साडी आवडली, मग मलाच का नाही?

"मॅडम, घरात कशाची कमी नाही. हवं ते बघून, निवडून घेता येतं. तरी काही घेतलं की आनंद व्हायच्या ऐवजी डोकंच जड होतं. मी कृतघ्न आहे का?"

थोड्याफार फरकानं हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वारंवार येतो. बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतल्या बायका विचारतात, हल्ली पुरुषही विचारू लागले आहेत. ज्या बाईनं तो या शब्दांत विचारला, तिच्याच गोष्टीतून उत्तर देते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती इंदूरची. शाळेत शिकवते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंची पंचाहत्तरी करायची ठरली आणि त्यांना माहेश्वरी साडी घ्यायची जबाबदारी हिच्यावर आली. आधी राजवाड्याजवळची दुकानं झाली. मग एका रविवारी महेश्वरला जाऊन विणकरांकडे बघणं झालं. त्यानंतर फोन. रात्री सगळे झोपले की ही साड्या बघत बसायची: चटईकाठ की लहरकाठ, वांगी रंग की मोरपंखी, रेशमी की सुती-रेशमी. तीन साड्या मागवल्या, दोन परत केल्या, वांगी ठेवली.

सासूबाईंना साडी मनापासून आवडली. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी येईल त्याला पदर दाखवला. ही मात्र पाहुण्यांना वाढताना परत केलेल्या मोरपंखी साडीचा विचार करत होती. रात्री ती साडी अजून मिळते का, हे फोनवर बघत बसली. नवरा म्हणाला, "झालं ना आता? अजून काय?" आणि हिला रडू फुटलं.

पहिल्या भेटीत ती बराच वेळ बोलली, पण जवळजवळ सगळं न घेतलेल्या साड्यांबद्दल. मी विचारलं, "साडी नेसल्यावर आई काय म्हणाल्या?" तिला आठवायला वेळ लागला.

हा कृतघ्नपणा नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. या त्रासाचा अभ्यास झालेला आहे. २००६ साली नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. 'सर्वांत उत्तम तेच हवं' या हट्टानं शोधणाऱ्यांना सुरुवातीचा पगार इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त मिळाला, पण त्या नोकरीबद्दल समाधान मात्र त्यांनाच कमी होतं. हिची साडी तशीच. निवड चांगली झाली, आनंद हाती आला नाही. हर्बर्ट सायमन या अभ्यासकानं १९५० च्या दशकातच म्हटलं होतं की माणसाला सगळे पर्याय तपासणं शक्यच नसतं. आपल्याला पुरेसं काय ते आधी ठरवावं आणि तसं मिळालं की थांबावं. पुढे १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग सगळा दोष भरमसाट पर्यायांचा का? तसं म्हणायचा मोह होतो. २००० साली गाजलेला जॅमचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल: दुकानात जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा बघायला गर्दी जास्त, पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे ३ टक्के, ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्के. पुढे २०१० मध्ये अशा कितीतरी प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे नुसती संख्या माणसाला दुःखी करते असं नाही. आपल्याला काय हवं ते नक्की नसेल किंवा वस्तूंची एकमेकांशी तुलना करणं अवघड असेल, तेव्हा पर्यायांचा भार होतो.

हे तिला पटावं म्हणून मी विचारलं, "सराफ्यात गेलात की असंच होतं का?" सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या किती गाड्या लागतात ते इंदूरकरांना सांगायला नको. ती म्हणाली, "छे! आम्ही भुट्ट्याचा कीस खातो, थंडीत तळलेला गराडू कंद, आणि घरी." पर्याय ढीगभर, तरी ओझं नाही. तिथे तिला काय हवं ते ठाऊक असतं, आणि खाल्लेला कीस परत करता येत नाही.

परत करण्याच्या सोयीबद्दल थोडं सांगायलाच हवं. २००२ मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवून घ्यायला सांगितलं होतं. ज्यांना नंतर बदलायची मुभा होती, त्यांना आपला फोटो कमी आवडला. बदलता येतं म्हटलं की मन तुलना करतच राहतं. सोय वाईट नाही, फाटकी वस्तू परत करायलाच हवी. पण चांगली वस्तू कपाटात पिशवीसकट, लेबलासकट आठवडाभर पडून राहते, तेव्हा ती आपली झालेलीच नसते.

तिच्या बाबतीत मुळं आणखी खोल होती. माहेरी पैशांची ओढाताण. दिवाळीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातलं कापड. एखादी वस्तू खराब निघाली तर वडील वर्षभर बोलून दाखवायचे. सासरी आली तर आणलेल्या प्रत्येक गोष्टीवर नातेवाइकांचं मत: "केवढ्याला? आमच्याकडे तर याहून स्वस्त मिळतं." प्रत्येक खरेदी म्हणजे परीक्षा, हे तिच्या मनात तिथून बसलं. तिला साडी शोधायची नव्हती, कोणी नाव ठेवणार नाही अशी जागा शोधायची होती. ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

"पूर्वी पर्याय नव्हते म्हणून माणसं सुखी होती" हे वाक्य मला मान्य नाही. एका भेटीला सासूबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला शिक्षणाचं कोणी विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. साडीचा रंगसुद्धा कोणी विचारला नाही. तू निवड गं. पण घेतलीस की नेस." सुनेचे डोळे भरून आले.

मग आम्ही छोट्या गोष्टींपासून सुरुवात केली. बैठकीचे पडदे घ्यायचे होते. फोन उघडण्याआधी कागदावर तीनच अटी लिहायच्या: किती पैसे, कसलं कापड, कुठल्या तारखेपर्यंत. तिन्हींत बसणारा पहिला पडदा घ्यायचा. ती म्हणाली, "पण याहून चांगला कुठेतरी असला तर?" मी म्हटलं, "असेलच." बराच वेळ आम्ही त्या उत्तरावरच बोललो. तो पडदा कुठेतरी आहे आणि तो आपल्याकडे नाही, हे सोसायची सवय करणं हेच खरं काम होतं. घेतल्यावर लेबल काढायचं, फोनमधले बाकीचे फोटो पुसायचे, किंमत पुन्हा बघायची नाही. मिक्सर घेतल्यावर तिनं बघितलीच, आणि तो स्वस्त झाला होता. दोन दिवस चुटपुट लागली. मग गेली.

नवऱ्याशी मी स्पष्ट बोलले. "तुला हवं ते कर, मला काहीही चालेल" हे त्याला समजूतदारपणाचं वाटायचं. प्रत्यक्षात जेवायला काय करायचं इथपासून मुलाच्या क्लासपर्यंत घरातला प्रत्येक निर्णय तिच्यावर पडायचा आणि चुकला तर दोषही तिचाच. आता रात्रीच्या भाज्या वारानुसार ठरलेल्या आहेत. सिनेमा पाळीपाळीनं एकेक जण निवडतो आणि त्यावर कोणी बोलायचं नाही. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी, तिथे कुणालाच काही ठरवावं लागत नाही.

एक सावधगिरी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, किंवा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं आवरत नसेल, तर दुखणं खरेदीचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

अलीकडे तिनं विचारलं, "मुलाला अकरावीत गणित, बायो की कॉमर्स? तिथेही पहिलं जमेल ते घ्यायचं का?" नाही. पडद्यांवर वाचवलेला वेळ तिथे घालवा, असं मी सांगितलं. मुलानं तिन्ही विषयांची पुस्तकं चाळावीत, पुढच्या वर्गांतल्या मुलांशी बोलावं, स्वतःचं मत लिहून काढावं. शेवटची तारीख मात्र आधीच ठरवा. ती चर्चा घरात सध्या चालू आहे, आणि नवरा तिच्यात बसतो, स्वतःचं मतही सांगतो.