पियानोच्या कार्यक्रमात मधेच 'वा!' म्हटलं तर बिघडतं का?

काही बिघडत नाही. दटावणाऱ्या बाईंना पुढच्या वेळी खुशाल दुसरी खुर्ची शोधायला सांगा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रसंग साधारण कळला. एकाच पियानोवर दोघं, आधी शूबर्ट, मग ब्राम्सचे हंगेरियन डान्सेस. शूबर्टमध्ये तुमच्या तोंडून 'वा' गेलं, शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तुम्ही मध्यंतरापर्यंत चोरासारखे बसून राहिलात. आता दाद नेमकी कुठे द्यायची आणि पुढच्या वेळी जाण्याआधी काय ऐकून जावं, हे विचारताय. दुसऱ्या प्रश्नाचं बघू शेवटी. पहिल्यावरून माझं गेली कित्येक वर्षं एका माणसाशी भांडण चालू आहे, त्यामुळे जरा लांबेल.

मी पुण्यात पियानो शिकवते आणि अधूनमधून चार हातांचं, म्हणजे एका पियानोवर दोघांनी मिळून, वाजवते. मी सेकंडो. म्हणजे डावीकडची जागा, खालचे स्वर, आणि पेडलही माझ्याच पायाखाली. ज्याच्याबरोबर वाजवते त्याला इथे प्रिमोच म्हणते, नाव कशाला. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं, म्हणून उजवीकडे बसलेला प्रिमो लोकांच्या बाजूला येतो आणि सेकंडो त्याच्या आड. त्याचे हात, त्याचा चेहरा, त्याचा इस्त्रीचा झब्बा सगळ्यांना दिसतो. माझी वेणी दिसते, तीही तो पुढे झुकला तर. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याच्या बोटांचं कौतुक करतात आणि मला विचारतात, "तुम्ही दोघं मिस्टर-मिसेस का हो?" माझे मिस्टर तेव्हा माझ्या डाव्या हाताला पानं उलटायला उभे असतात. त्यांना कोणी काहीच विचारत नाही.

पण या जागेचा एक फायदा आहे. प्रिमोला मान वळवल्याशिवाय प्रेक्षक दिसत नाहीत. मला इशाऱ्यासाठी त्याच्याकडे बघावंच लागतं, आणि त्याच्या खांद्यापलीकडे पहिल्या दोन-तीन रांगा आयत्या समोर येतात. त्यामुळे चार हातांचं रोमँटिक संगीत लोक कसं ऐकतात याबद्दल माझं मत त्याच्यापेक्षा जास्त धरा. तो ऐकतो, मी बघते. विद्यार्थ्यांच्या आया मोबाइल धरून असतात. कॅम्पातल्या म्हाताऱ्या पारशी बायका पर्सवर बोटांनी सोबत वाजवतात, आणि बऱ्याचदा बरोबर वाजवतात. दोघांचे हात एकमेकांवरून गेले की कॉलेजची पोरं एकमेकांना कोपर मारतात. खरं तर तिथे माझा उजवा अंगठा त्याच्या करंगळीखाली अडकलेला असतो आणि तो कसा सोडवायचा एवढाच विचार माझ्या डोक्यात असतो. लोकांना मात्र त्यात काय काय दिसतं.

तर ज्यांच्यावरून हे भांडण आहे त्या आजोबांची गोष्ट. आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत सतरंजी टाकून बसणारे, घरी तानपुऱ्याच्या यंत्रावर पहाटे गुणगुणणारे. पाश्चात्य संगीत म्हणजे बँड आणि चर्च, यापलीकडे त्यांचा संबंध नव्हता. आमचा कार्यक्रम होता म्हणून मीच पास नेऊन दिला. ऐन पावसाळा, पियानोच्या दोन-तीन पट्ट्या दमट हवेने जड झालेल्या, आणि आजोबा पहिल्या रांगेत छत्री गुडघ्यांत धरून बसलेले.

आम्ही शूबर्टची एफ मायनर फँटसी वाजवत होतो. १८२८ सालची, म्हणजे तो गेला त्याच वर्षातली, वीसेक मिनिटांची, चार भाग पण मधे न थांबता. तुम्ही ऐकलेली बहुधा हीच असणार, कारण शूबर्टचं चार हातांचं म्हटलं की सगळे हीच वाजवतात. सुरुवातीला खाली मी नुसती वळवळ धरते आणि वर प्रिमो एक साधी धून घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एफला षड्ज माना, पंचमावरून वरच्या षड्जावर उडी, परत, पुन्हा उडी. उदास आहे, पण रडकी नाही. थोडं इकडेतिकडे फिरून तीच धून परत येते आणि या वेळी एफ मेजरमध्ये येते. अगदी हळू. कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार, हाच मुख्य फरक. नवखे श्रोते हे सहसा ओलांडून जातात, आणि जाणकारांना माहीत असतं म्हणून ते डोळे मिटून तयार बसलेले असतात.

आजोबा मोठ्याने म्हणाले, "अहाहा!"

प्रिमोचा खांदा ताठ झालेला मला दिसला. त्याने पुढचे चार स्वर जरा टोचूनच वाजवले. मी मात्र त्याच वेळी आजोबांकडे बघत होते. त्यांचा हात वर गेला होता, उघडा, बैठकीत गवयाकडे करतात तसा.

पुढचं सगळं नीट पार पडलं. लार्गोत, म्हणजे दुसऱ्या संथ भागात, ते जरा चुळबुळले, स्केर्झोत, म्हणजे तिसऱ्या चपळ भागात, मांडीवर बोटं धरली. शेवटच्या भागात पहिली धून परत येते आणि मग फ्यूग सुरू होतो. एकाच सुरावटीवर दोघांचे चारही हात एकामागून एक चढत जातात, आवाज वाढत जातो, माझ्या पेडलच्या पायाला घाम येतो. आता समेवर येणार असं सगळ्या सभागृहाला वाटतं, आणि शूबर्ट पंचमावर आणून सोडून देतो. षड्ज नाहीच. तिथे एक अख्खा बार, म्हणजे एका छोट्या आवर्तनाएवढा, विराम आहे, कोणीच काही वाजवत नाही. त्या विरामात आजोबा म्हणाले, "अरे!"

एवढंच. कोणी हातातलं ताट काढून घेतल्यावर म्हणावं तसं. मग ती पहिली धून शेवटची एकदा आली, आम्ही संपवलं, टाळ्या झाल्या.

खाली आल्यावर नेहमीची रांग. "किती सिंक आहे हो तुमचा", "मोझार्ट ना हे?", "शेवटचा ब्राम्सचा फारच छान, तो पिक्चरमध्ये असतो". एक बाई म्हणाल्या की जोडी शोभते. आजोबा सगळ्यात शेवटी आले आणि मला म्हणाले, "सुरुवातीला गंधार शुद्ध केलात ना, तिथे मी हललो. आणि शेवटी सम दिली नाहीत. का नाही दिली?" मी इतकी वर्षं ही फँटसी वाजवतेय, याहून नेमकं मला कोणी काही विचारलेलं नाही. पाठीमागच्या रांगेत माझे जुने सहाध्यायी होते, परीक्षा देऊन ग्रेड मिळवलेले. त्यातल्या एकालाही ती जागा काढून दाखवता आली नसती. ते टेम्पोबद्दल बोलत होते.

प्रिमोचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते आजोबांनी कार्यक्रमाची वाट लावली, आणि मी 'असल्या' लोकांना पास देते म्हणून वाट लागायला मी जबाबदार. 'असल्या' हा त्याचा शब्द. रेकॉर्डिंगमध्ये ते 'अरे!' स्वच्छ आलं आहे. त्याने ते कापलं आणि त्या बारमध्ये दुसरीकडचा गप्पपणा आणून जोडला. हेडफोन लावून ऐका, पंख्याचा आवाज अचानक बदलतो. ते त्याला चालतं, माणसाचा आवाज चालत नाही! आता त्याच्या लोकांकडे त्याची फाइल फिरते आणि माझ्या विद्यार्थ्यांकडे माझी.

त्याचा मुख्य मुद्दा असा की गप्प बसून ऐकणं ही त्या संगीताची परंपरा आहे, आपण आपली बैठक तिथे घुसवू नये. मला याचाच राग येतो, कारण ही परंपरा त्या संगीताच्या नंतरची आहे. ही फँटसी पहिल्यांदा वाजल्याची जी नोंद आहे ती ९ मे १८२८ची. शूबर्ट आणि त्याचा मित्र लाखनर यांनी ती बाउअर्नफेल्ड या मित्राला वाजवून दाखवली आणि त्याने रोजनिशीत टिपलं. सभागृह नाही, तिकीट नाही, ऐकणारा मित्र. चार हातांचं संगीत बहुतेक असंच, घरच्या पियानोवर पाहुण्यांसमोर वाजवायचं. रेकॉर्ड येण्याआधी लोकांनी सिंफन्यासुद्धा घरी अशाच ऐकल्या, दोघांनी एका बाकावर बसून वाजवून. त्या दिवाणखान्यात कोणी 'अहाहा' म्हटलं नसेल हे मला तरी पटत नाही.

आणि मोठ्या सभागृहांतही आजच्यासारखा गप्पपणा नव्हता. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं पत्र आहे. सिंफनीच्या पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं, तिथे चालू वाजवण्यातच टाळ्या पडल्या, आणि हे तो आनंदाने कळवतो. बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग १८१३ साली व्हिएन्नात लोकांनी तिथल्या तिथे परत वाजवायला लावला. संगीत नाटकात वन्स मोअर घेणाऱ्या आपल्या माणसाला यात काय नवं आहे? उलट ब्राम्सचा पहिला पियानो कंचेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना, १८५९च्या जानेवारीत लाइपझिगला वाजला, तेव्हा पहिल्या दोन भागांनंतर लोक गप्प बसले. शेवटी दोन-तीन हातांनी टाळी वाजवून बघितली तर बाकीच्यांनी हिस्स करून गप्प केलं. ब्राम्सने ते पडल्याची खूण म्हणूनच मित्राला कळवलं. म्हणजे ज्या शांततेला प्रिमो आदर म्हणतो, ती ब्राम्सच्या वाट्याला आली तेव्हा तो कार्यक्रम पडला होता.

प्रिमोला हे सगळं माहीत आहे, तो माझ्यापेक्षा जास्त वाचतो. तो म्हणतो, "तेव्हा सतीही जात होत्या." यावर काय बोलणार!

तुम्हाला नियमच हवा असेल तर हे घ्या. हंगेरियन डान्सेस प्रत्येक संपला की बिनधास्त टाळ्या वाजवा, सुटे सुटे नाचच आहेत ते. शूबर्टमध्ये टाळ्या शेवटी. त्या विरामात टाळी वाजवू नका, तिथे संपलेलं नसतं, फक्त तसं वाटतं. तिथे फसलेले मी खूप पाहिलेत आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांचा मला जास्त वैताग येतो. 'वा' आतून आलं तर येऊ द्या. पण सुरुवातीपासून दर ओळीला वा-वा करायचं ठरवून आलेले लोक असतात, गाण्याच्या बैठकीतही असतात, त्यांना कोणीतरी दटावायलाच हवं. अगदी हळू चाललेल्या जागी 'वा' जरा पोटात ठेवा, नुसती मान हलवलीत तरी सेकंडोला दिसते. चॉकलेटचा कागद उलगडायचा असेल तर एकदाच काय तो झटक्यात उलगडा. आणि रेकॉर्डिंग चालू आहे असं आधी सांगितलं असेल तर गप्प बसा. आमच्या त्या दिवशी सांगितलं नव्हतं, हे प्रिमो सोयीस्कर विसरतो.

हेही सांगायला हवं की परदेशातल्या सभागृहात मी स्वतः असं काही करणार नाही. तिथले लोक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती सहन करण्याइतकं माझं वय झालेलं नाही. पुण्यात चालतं. मुंबईत, एनसीपीएला वगैरे, आजूबाजूला बघून ठरवा.

काय ऐकून जावं: फँटसीसाठी राडू लुपू आणि मरे पेराया यांचं रेकॉर्डिंग ऐका. त्याच डिस्कवर मोझार्टची दोन पियानोंची डी मेजर सोनाटाही आहे. मन लागलं तर पुढे रखमानिनोव्हचे दोन पियानोंचे सूट, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या मालिका. पहिला १८९३चा, चायकोव्हस्कीला अर्पण केलेला, शेवटच्या भागात ईस्टरच्या घंटा आहेत. दोन पियानो समोरासमोर ठेवले की दोघांचेही चेहरे लोकांना दिसतात. आमचं पुढच्या खेपेला तेच वाजवायचं ठरलंय. प्रिमो म्हणतो की या वेळी पास तो वाटणार. बघू.